सबमर्सिबल म्हणलं की आमच्याकडं बोअरच आठवतो, पण नेव्हीची सबमर्सिबल बदलायला पंचवीस वर्षं का लागायलेत ते बघा

परभणीत कोणालाही सबमर्सिबल म्हणा, तो तुम्हाला किती एचपीची, किती फुटावर सोडलीय आणि यंदा कितींदा जळाली एवढं सांगंल, समुद्राचा विषय काही निघायचा नाही. निघणार तरी कसा, समुद्र आमच्यापासून पाचेकशे किलोमीटर. पण माझा भाचा नेव्हीच्या अग्निवीर भरतीची तयारी करायलाय, पहाटे ग्राउंड आणि दिवसभर मोबाईलवर जीके, तर त्याला डिसेंबर २०२५ मधे बातमी दिसली की आयएनएस सिंधुघोष पाणबुडी रिटायर झाली. १९८६ ला नेव्हीत आलेली, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं. त्यानं विचारलं, "मामा, मग हिच्या जागी कोणती आली?"

एका शब्दात उत्तर द्यायचं तर कोणतीच नाही. पण एवढ्यानं त्या पोराचं समाधान होईना, आणि आम्ही बसलो होतो मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात, आमची बोअरची मोटर समोर उघडून पडलेली, मिस्त्री जळकी तार उपसून काढायलेला, मग जे समोर दिसत होतं त्यावरूनच सांगत बसलो. तेच इथं लिहितोय.

आधी हे बघू की पाणबुडी म्हातारी होते म्हणजे नेमकं काय होतं. पाण्याखाली दर दहा मीटरला साधारण एक वातावरणाएवढा दाब वाढतो, म्हणजे ढोबळमानानं चौरस सेंटीमीटरला एक किलो. आमचा बोअर सहाशे फूट म्हणजे एकशेऐंशी मीटर, तो काठोकाठ भरलाय असं धरा (हसू नका), तर तळाला बोटाच्या नखाएवढ्या जागेवर अठरा किलो बसतील. पाणबुडी याच्याही खाली जाते आणि तिच्यात पन्नासेक माणसं श्वास घेत बसलेली असतात. हा सगळा दाब पेलतं ते आतलं पोलादी नळकांडं, त्याला प्रेशर हल म्हणतात. ते गोल का असतं हे आपल्याकडच्या माणसाला सांगायची गरज नाही, विहिरीची बांधणी गोल का करतात तेच कारण, चारी बाजूंनी माती रेटते पण गोल असलं की दगड एकमेकाला धरून राहतात, आणि एखाद्या जागी पोट आलं की विहीर तिथंच ढासळते. पाणबुडीचंही तसंच, गोलाई काही मिलिमीटरनं जरी चुकली तरी ताकद कमी होते.

आता ही पाणबुडी खाली गेली की ते नळकांडं जरासं दबतं, वर आली की सैल होतं. डोळ्याला दिसत नाही पण होतं. पुन्हा खाली, पुन्हा वर, असं वर्षानुवर्षं. बाइंडिंगची तार आपण हातानं तोडतो कशी, इकडून तिकडं वाकवत राहायची, शेवटी गरम होऊन तुटते. पोलाद लगेच तुटत नाही पण थकतं, जोडाच्या जागी बारीक तडे पडायला लागतात. वरून खारं पाणी, आतून बॅटरीचं ॲसिड, कोपऱ्याकोपऱ्यात गंज. म्हणून जुन्या पाणबुडीला हळूहळू सांगावं लागतं की बाई तू आता एवढं खोल जाऊ नको. आणि खोल जायचं नाही तर लपायचं कुठं? पाणबुडीचं अर्धं काम लपणं आहे. भाच्याला म्हणलं, आजोबांना आपण सांगतो ना की गच्चीवर चढू नका म्हणून, तसंच, फरक एवढाच की आजोबांना गच्चीवर कोणी टॉर्पेडो मारत नाही.

दुसरं म्हणजे बॅटरी. पाणबुडीत डिझेल इंजिन असतं पण पाण्याखाली डिझेल चालणार कसं, त्याला हवा लागते. म्हणून इंजिनावर बॅटऱ्या चार्ज करायच्या आणि बॅटरीवर पाण्याखाली चालायचं, आपला इन्व्हर्टरच झाला की. पण किती मोठा? आपल्या नव्या कलवरी पाणबुडीत ३६० सेल आहेत, एकेक सेल ७५० किलोचा. गुणाकार करा, २७० टन. दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर वीसेक टन नेतो असं धरलं तर तेरा-चौदा ट्रॅक्टरची लाईन, नुसती बॅटरी. एवढी असूनही जोरात पळवली की तासा-दोन तासांत उतरते, हळूहळू चालली तर काही दिवस पुरते. उतरली की पाणबुडीला पृष्ठभागाजवळ येऊन एक नळी पाण्याबाहेर काढावी लागते, तिच्यातून हवा ओढून डिझेल सुरू करायचं. त्याला स्नॉर्केलिंग म्हणतात, आणि पाणबुडी सापडते ती बऱ्याचदा तेव्हाच, कारण डिझेलचा आवाज, धूर, आणि नळी रडारवर दिसते.

शिवाय लेड ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. इन्व्हर्टरची बॅटरी बंद कपाटात ठेवू नका म्हणतात ते त्यासाठीच. बंद पाणबुडीत हा गॅस साठला तर काय होतं ते आयएनएस सिंधुरक्षकनं दाखवलं, २०१० मधे विशाखापट्टणमला तिच्या बॅटरीच्या कप्प्यात आग लागली आणि एक नौसैनिक गेला. मग तीच पाणबुडी रशियात जाऊन ओव्हरहॉल होऊन आली, आणि १४ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्री मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात उभी असताना स्फोट होऊन जागच्या जागी बुडाली, १८ जण गेले. सहा महिन्यांनी, २६ फेब्रुवारी २०१४ ला सिंधुरत्नमधे धूर होऊन दोन अधिकारी गेले, त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. आपल्याकडं जबाबदारी घेऊन खुर्ची सोडणारी माणसं किती, म्हणून हे नाव भाच्याला मुद्दाम पाठ करायला सांगितलं, जीकेत येवो न येवो.

तर मग म्हाताऱ्या झाल्यात तर नव्या आणायच्या ना, एवढं काय अवघडंय? इथं गोष्ट सुरू होते आणि ती जरा लांबडीय.

आपली पहिली पाणबुडी आयएनएस कलवरी ८ डिसेंबर १९६७ ला आली, रशियन बनावटीची फॉक्सट्रॉट, तशा आठ घेतल्या. मग १९८६ पासून २००० पर्यंत दहा सिंधुघोष वर्गाच्या, त्याही रशियन, जगात त्यांना किलो म्हणतात. आणि त्याच काळात चार जर्मन, शिशुमार वर्गाच्या. या जर्मन चारची गंमत अशी की करार १९८१ चा, पहिल्या दोन जर्मनीत कीलला बनल्या आणि पुढच्या दोन मुंबईत माझगाव डॉकमधे बनवायच्या ठरल्या. आपली माणसं कीलला जाऊन शिकून आली. शाल्की १९९२ ला नेव्हीत आली, ती भारतात बनलेली पहिली पाणबुडी, शंकुल १९९४ ला. आणखी दोन घ्यायचा पर्याय करारात होता. पण मधे १९८७ ला दलालीचं प्रकरण निघालं, एचडीडब्ल्यू म्हणजे कीलचा तो पाणबुड्या बनवणारा जर्मन कारखाना, त्याचं नाव तेव्हा बोफोर्सच्या जोडीनं पेपरात असायचं, आणि सगळं तिथंच थांबलं.

थांबलं म्हणजे काय झालं हे नीट समजून घ्या, कारण माझ्या मते सगळ्या उशिराचं मूळ इथंय. पाणबुडीचं वेल्डिंग म्हणजे ट्रॉलीला फाळका जोडणं नाही. जाड खास पोलादाच्या गोल कड्या, जोडायच्या आधी ठराविक तापमानाला गरम करायच्या, थरावर थर भरायचा, मग प्रत्येक जोडाची एक्स-रे आणि अल्ट्रासाउंडनं तपासणी, बारीक पोकळी दिसली की खरवडून परत. असं काम येणारा वेल्डर तयार व्हायला वर्षं लागतात. आणि तो हात चालू राहायला काम चालू राहावं लागतं. शंकुलनंतर काम संपलं, शिकलेली माणसं कोणी दुसऱ्या कामाला लागली, कोणी सोडून गेली, कोणी रिटायर. पुढच्या पाणबुडीचं पोलाद कापायला सुरुवात झाली २००६ च्या डिसेंबरात. बारा वर्षं! आमच्या मिस्त्रीला विचारलं की समजा तुम्ही बारा वर्षं वाइंडिंग केलंच नाही तर? तो वर न बघता म्हणाला, "बारा काय घेऊन बसलाव, दोन वर्षात बोटं इसरत्यात."

मधे १९९९ ला सरकारनं एक प्लॅन पास केला होता, तीस वर्षांत २४ पाणबुड्या. कागदावर फार चांगला प्लॅन, दोन लाईनी, एकेका लाईनीत सहा-सहा, त्यातून शिकायचं आणि मग उरलेल्या बारा आपल्या स्वतःच्या डिझाईनच्या. म्हणजे २०३० पर्यंत २४. प्रत्यक्षात २०२५ च्या जानेवारीपर्यंत त्यातल्या सहा आल्या. बाकीचं गणित भाच्यानं लगेच केलं आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू प्लॅन मीच केला होता.

या सहा म्हणजे फ्रेंच स्कॉर्पीन. ऑक्टोबर २००५ चा करार, किंमत तेव्हा १८,७९८ कोटी, पुढं २३,५६२ कोटींवर गेली. पहिली २०१२ ला यायची होती, आली १४ डिसेंबर २०१७ ला, तिला जुन्या पहिल्या पाणबुडीचंच नाव दिलं, कलवरी. मग खांदेरी, करंज, वेला, वागीर आणि शेवटची वागशीर १५ जानेवारी २०२५ ला. खांदेरी म्हणजे थळसमोरचा महाराजांचा जलदुर्ग, हे सांगितल्यावर दुकानातली बाकीची माणसंसुद्धा कान देऊन ऐकायला लागली.

पाणबुड्या चांगल्या आहेत, आवाज फार कमी करतात, पण त्यातही आपला नमुना बघा. नवा ट्रॅक्टर दारात आला आणि नांगर जुनाच, तसं झालं. या पाणबुड्यांसाठी ब्लॅक शार्क नावाचे इटलीचे टॉर्पेडो घ्यायचं ठरलं होतं, पण ती कंपनी ज्या ग्रुपची त्याच ग्रुपचं नाव व्हीआयपी हेलिकॉप्टरच्या प्रकरणात आलं आणि खरेदी रद्द. मग जर्मन पाणबुड्यांसाठी घेतलेले जुने टॉर्पेडो नव्या पाणबुडीत घालून चालवलं. आपल्या डीआरडीओचा, म्हणजे सरकारच्या संरक्षण संशोधन संस्थेचा, नवा टॉर्पेडो यांच्यात बसवायचा करार फ्रान्सच्या नेव्हल ग्रुपशी झाला ३० डिसेंबर २०२४ ला. पहिली पाणबुडी नेव्हीत येऊन सात वर्षं झाल्यावर. भ्रष्टाचार झाला तर चौकशी व्हायलाच पाहिजे, त्यात वाद नाही, पण आपल्याकडं चौकशी म्हणजे आधी काम बंद, आणि समुद्रावर जाणाऱ्या पोराच्या हातात काय राहिलं ते कोणी विचारत नाही, हे मला तरी पटत नाही.

त्याच दिवशी दुसरा करार झाला तो एआयपीचा, आणि हा शब्द तुम्हाला पाणबुडीच्या प्रत्येक बातमीत दिसंल म्हणून समजून घ्या. वर सांगितलं ना की बॅटरी उतरली की नळी बाहेर काढावी लागते. एआयपी म्हणजे बाहेरची हवा न घेता पाण्याखालीच वीज बनवायची सोय, म्हणजे काही दिवसांऐवजी दोनेक आठवडे खाली राहता येतं. आपल्या डीआरडीओची लॅब आहे अंबरनाथला, आपल्याच राज्यात, तिनं फ्युएल सेलवर चालणारी बनवलीय, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र आणून वीज काढायची, आणि हायड्रोजन टाक्यात भरून न्यायच्या ऐवजी लागंल तसा पाणबुडीतच तयार करायचा. मार्च २०२१ ला जमिनीवर तिची चाचणी झाली. आता ती बसवायची कशी, तर पाणबुडी मधोमध कापायची, दोन भाग लांब सरकवायचे, मधे हा नवा तुकडा घालायचा आणि परत जोडायचं. भाचा म्हणाला, काहीही. मी म्हणलं अरे आपले लोक टेम्पोची चासी कापून लांब करतात तसंच, फक्त हा टेम्पो नंतर पाण्याखाली जातो, म्हणून सांगतोय वेल्डर महत्त्वाचा.

आता सिंधुघोषच्या जागी कोणती, या मूळ प्रश्नावर येतो. तिची जागा घ्यायची ती प्रोजेक्ट ७५ आय या नावानं ठरलेल्या सहा पाणबुड्यांनी, एआयपी सुरुवातीपासूनच असलेल्या. याची पहिली मंजुरी २००७ ची. टेंडर निघालं जुलै २०२१ ला. मधे चौदा वर्षं, आमच्या भाच्याची शाळा सुरू होऊन दहावी झाली एवढा काळ. २०२१ ला सरकारनं आकडा सांगितला ४०,००० कोटींच्या वर. मैदानात दोन जोड्या राहिल्या, माझगाव डॉक आणि जर्मनीची टीकेएमएस, तर दुसरीकडं एल अँड टी आणि स्पेनची नवांतिया. टेंडरात अट अशी की एआयपी समुद्रात चालून दाखवलेली पाहिजे, स्पेनवाल्यांची तेव्हा जमिनीवरच चाललेली, म्हणून जानेवारी २०२५ ला त्यांची बोली बाद झाली आणि २०२५ मधे माझगाव-जर्मन जोडीशी वाटाघाटी सुरू झाल्या.

आणि ही जर्मन टीकेएमएस कोण? कीलचा तोच कारखाना, जुन्या एचडीडब्ल्यूला पोटात घेऊन झालेली कंपनी. १९८७ ला ज्यांच्यामुळं दार लावलं त्यांच्याच दारात चाळीस वर्षांनी. फिरून फिरून भोपळे चौकात म्हणतात ते हेच.

बरं, उद्या सही झाली तरी पहिली पाणबुडी लगेच येत नाही, सात-आठ वर्षं कुठंच गेली नाहीत. आणि माझगावला वागशीर पाण्यात उतरवली एप्रिल २०२२ ला, तेव्हापासून त्या लाईनीत पुढची पाणबुडी नाही. आणखी तीन स्कॉर्पीन घ्यायला २०२३ च्या जुलैत प्राथमिक मंजुरी मिळाली, पण मंजुरीवर वेल्डिंग करता येत नाही. म्हणजे १९९४ चंच परत, ये रे माझ्या मागल्या.

तोपर्यंत काय करायचं, तर जुन्यांनाच डागडुजी. याला मध्यम रिफिट आणि आयुष्य प्रमाणपत्र असलं काहीतरी जड नाव आहे, पण म्हणजे मोटर पूर्ण उघडून वाइंडिंग, बुश, सील सगळं बदलून आणखी दहाएक वर्षं चालंल असं लिहून घेणं. शंकुश ही जर्मन पाणबुडी १९८६ ची, तिचा असा करार जून २०२३ ला झाला, २,७२५ कोटी. एवढ्यात नवी येत नाही म्हणून हे परवडतं, पण अडचण अशी की रिफिटला गेलेली पाणबुडी काही वर्षं नेव्हीच्या उपयोगाची नसते. सिंधुकीर्ती २००६ ला विशाखापट्टणमच्या गोदीत गेली ती बाहेर यायला नऊ वर्षं लागली. आपली मोटर मिस्त्रीकडं चार दिवस राहिली तर कापूस वाळायला लागतो, इथं नऊ वर्षं. त्यामुळं कागदावरचा आकडा आणि खरोखर समुद्रात असलेला आकडा यात कायम फरक राहतो. दहा सिंधुघोषांपैकी एक बुडाली, एक २०२० ला म्यानमारला दिली, सिंधुध्वज २०२२ ला रिटायर, आणि आता सिंधुघोष. राहिल्या सहा. तिकडं पाकिस्तान चीनकडून आठ नव्या एआयपीवाल्या घ्यायलाय, चार तिकडं बनलेल्या आणि चार कराचीत बनवायच्या, नाव ठेवलंय हंगोर. हंगोर म्हणजे ज्या पाणबुडीनं १९७१ ला ९ डिसेंबरच्या रात्री आपली खुकरी बुडवली, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. नाव उगाच ठेवलेलं नाही.

अणुऊर्जेवरच्या पाणबुड्या वेगळ्या, अरिहंत आणि २०२४ ला आलेली अरिघात, त्यांना बॅटरीची ही कटकट नाही, पण त्यांचं काम अण्वस्त्रं घेऊन लपून बसणं आहे, बंदराच्या तोंडाशी पाळत ठेवायला त्या वापरत नाहीत. शत्रूची जहाजं हुडकणाऱ्या अणुपाणबुड्या बनवायला ऑक्टोबर २०२४ ला मंजुरी मिळालीय, दोन, त्यांना वेळ लागंल.

हे दुखणं एकट्या आपलं नाही हेही सांगायला पाहिजे. ऑस्ट्रेलियानं २०१६ ला फ्रान्सकडून बारा पाणबुड्या ठरवल्या, पाच वर्षं घालवली आणि २०२१ ला मोडून अमेरिका-ब्रिटनकडं गेले, फ्रान्सनं रागानं राजदूत परत बोलावला. तोपर्यंत त्यांच्या सहा जुन्या कॉलिन्सनाच डागडुजी. श्रीमंताघरचं लग्न मोडलं की त्याची बातमी होते एवढाच फरक.

मागं नांदेडहून विशाखापट्टणमच्या थेट गाडीनं आम्ही गेलो होतो तेव्हा भाच्याला बीचवर ठेवलेली आयएनएस कुरसुरा दाखवली होती, जुन्या फॉक्सट्रॉटपैकी एक, २००२ पासून म्युझियम केलीय. ९१ मीटर लांब, पण आत शिरलात की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागतं. गोल दारातून एक पाय आधी, मग डोकं, मग दुसरा पाय. भाच्यानं तेव्हा डोकं आपटून घेतलं होतं. टॉर्पेडोच्या शेजारी झोपायच्या फळ्या. एसी चालू होता तरी घाम, आणि ही पंचाहत्तरेक माणसं त्यात महिना-महिना राहायची.

"मामा, मला घेतील का पाणबुडीत?" त्यानं विचारलं. आधी भरती हो, मग तिथं वेगळी निवड, वेगळी मेडिकल. पाणबुडीचं ट्रेनिंग विशाखापट्टणमलाच होतं, त्या केंद्राचं नाव आयएनएस सातवाहन.

"सातवाहन म्हणजे आपल्या पैठणचे?"

त्येच. समुद्रापासून एवढ्या आत राजधानी असलेल्या घराण्याचं नाव पाणबुडीच्या शाळेला. पोराला ते लई आवडलं. म्हणलं पोहायला येतं का, तर म्हणे विहिरीत येतं.

तेवढ्यात मिस्त्रीनं मोटर बांधून पाण्याच्या ड्रममधे सोडली, करंट गळतोय का ते बघायच्या मेगरच्या दोन तारा लावल्या, थोडा वेळ काट्याकडं बघत बसला आणि मग मान हलवून मोटर परत बाहेर काढली.

"सील धरंना," म्हणाला, "परवा या."